हे कुणाच्या घरातलं?

नियम आधी ऐकून घ्या. या प्रवासात तुम्हाला सगळं पाहता येईल, हातात घेता येईल, घासाघीसही करता येईल. पण भूतकाळातून एकही वस्तू इकडे आणता येणार नाही. सोबत येईल ती फक्त तुमची वही. जुन्या जपानी वस्तू जमवायचं वेड तुम्हाला नुकतंच लागलंय. बाहुल्या, वाडगे, किमोनोचे तुकडे. कुठली वस्तू केवढ्याला पडते हे तुम्ही दहा जणांना विचारलंत. विकणारा ती का विकतोय, हे विचारायचं राहून गेलं. त्यासाठी हा फेरा. शेवटचा मुक्काम आजच्या क्योतोत आहे आणि तिथे एक वस्तू विकत घ्यायची मुभा आहे. तोवर पाकीट बंद.

एदो (आजचं तोक्यो), १८२६

दुसऱ्या चांद्रमासाची अखेर. निहोन्बाशीचा पूल ओलांडून उत्तरेला निघालात की जिक्केन्दाना नावाचा रस्ता लागतो. एरवी तो ऐसपैस आहे. आज दोन्ही बाजूंच्या दुकानांखेरीज मधोमधही तात्पुरत्या टपऱ्या उभ्या राहिल्यात, त्यामुळे एका रस्त्याच्या दोन बोळी झाल्यात. पाठीला तान्हं बांधलेल्या आया, आजोबा, नोकर, सगळे एकमेकांना ढकलत पुढे सरकताहेत. तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी मुलींचा सण, त्या दिवशी घरोघरी हिना बाहुल्या मांडायच्या. आपल्या पंचांगात ही चैत्र शुद्ध तृतीयेच्या आसपासची वेळ. म्हणजे तिकडे पुण्याच्या वाड्यांत चैत्रगौर बसवायची, तिच्यापुढे आरास मांडायची तयारी चालू असेल, आणि इथेही पायऱ्यापायऱ्यांची मांडणीच आहे: वरच्या पायरीवर दरबारी पोशाखातलं राजाराणीचं जोडपं, खाली दासी, त्याखाली पाच वादक.

एक राणी हातात घ्या. दुकानदार काही म्हणणार नाही; तुमचे कपडे पाहून त्यानं किंमत मनात वाढवून ठेवलीच आहे. चेहरा बघा. आत लाकूड किंवा लाकडाच्या भुशाचा लगदा, वर गोफुनचे थर. गोफुन म्हणजे शिंपल्यांची वस्त्रगाळ पूड, प्राण्यांच्या चामड्याहाडांपासून केलेल्या सरसात कालवलेली. थरावर थर द्यायचे, वाळवायचे, घासायचे, मग ही मऊ, किंचित उबदार पांढरी कांती येते. हा सरस पाण्यानं सुटतो. वहीत पहिली नोंद करा: जुन्या बाहुलीचं तोंड ओल्या फडक्यानं कधीही पुसायचं नाही.

आता उंची मोजा. ही बाहुली आठ ‘सुन’ या जपानी मापापेक्षा, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटरपेक्षा उंच नाही. १७२१ मध्ये शोगुनच्या सरकारनं हुकूम काढला की यापेक्षा मोठी हिना करायची नाही, विकायची नाही. व्यापाऱ्यांच्या घरच्या बाहुल्या सरदारांच्या घरच्या बाहुल्यांइतक्या थाटाच्या होऊ लागल्या, ते सरकारला खुपलं. पुढे पुन्हा निर्बंध आले. कारागिरांनी मग थाट लहान केला. उएनोच्या तळ्याकाठी शिचिझावाया नावाचं दुकान आहे, तिथे बोटांच्या पेरांत मावतील असे लाखेचे पेटारे, आरसे, खेळांचे पट मिळतात, आणि त्यांवर सोन्याची नक्षी खऱ्या सामानाइतकीच नेटकी असते. हुकुमानं आकार आखडला, हौस आखडली नाही.

गर्दीतून बाहेर पडा. चार पावलांवर होन्गोकुचोचा वेळेचा घंटा-मनोरा आहे, आणि त्याला लागून नागासाकीया ही खानावळवजा धर्मशाळा. डच व्यापाऱ्यांचं पथक नागासाकीहून शोगुनच्या मुजऱ्याला येतं तेव्हा इथेच उतरतं. यंदाचं पथक वाटेत आहे, थोड्याच दिवसांत पोचेल. त्यात फिलिप फ्रान्झ फोन झीबोल्ट नावाचा तरुण जर्मन डॉक्टर आहे. तो रोपं जमवतो, कपडे, हत्यारं, भांडी, चित्रं, जे मिळेल ते जमवतो. रुग्ण आणि विद्यार्थीही त्याला वस्तू आणून देतात. इथे त्याची गाठ पडेल ताकाहाशी कागेयासु या सरकारी ज्योतिर्विदाशी. ताकाहाशीला परदेशी भूगोलाची पुस्तकं हवीत, झीबोल्टला जपानचे नकाशे. दोघेही अभ्यासू, दोघांचाही सौदा खुशीचा. पण देशाचा नकाशा परक्याला देणं हा गुन्हा. १८२८ मध्ये प्रकरण उघडकीला आलं. पुढच्या वर्षी ताकाहाशी तुरुंगात मेला आणि झीबोल्टला देशाबाहेर काढण्यात आलं. झीबोल्टचा तेव्हाचा बराचसा संग्रह आज नेदरलँड्समध्ये लायडनला आहे.

दुसरी नोंद: घेणारा देश सोडून जातो, देणाऱ्याला तिथेच राहावं लागतं.

क्योतो, १८८२चा उन्हाळा

घाम पुसा. तोकाइदो मार्गानं रिक्षा ओढणाऱ्यांच्या मागोमाग तुम्ही क्योतोत आलात. तुमच्यापुढे तीन अमेरिकन आहेत. एडवर्ड मोर्स हा प्राणिशास्त्रज्ञ. १८७७ मध्ये समुद्रातल्या शिंपल्यांसारख्या जीवांच्या शोधात आला आणि तोक्योजवळ ओमोरीला रेल्वेच्या खिडकीतून त्याला प्रागैतिहासिक शंखशिंपल्यांचा ढीग दिसला. अर्नेस्ट फेनोलोसा तोक्यो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवतो. विल्यम स्टर्जिस बिगेलो बॉस्टनचा श्रीमंत डॉक्टर, नुकताच उतरलाय. तिघांनी वाटणी करून टाकलीय: फेनोलोसा चित्रं घेणार, बिगेलो तलवारी आणि लाखकाम, मोर्स मातीची भांडी.

दुकानात शिरा. बाहेर ऊन रणरणतंय, आत चटयांचा वास आणि काळोख. डोळे सरावले की मग कळतं केवढं सामान आहे ते. तलवारीच्या मुठीखालच्या लोखंडी चकत्या पेटीत शेकड्यांनी. नो नाटकाचे जरीचे पोशाख एकावर एक. गुंडाळलेली बौद्ध चित्रं. धूपदाण्या. हे सगळं एकदम कुठून आलं, तर गेल्या १५ वर्षांतून. १८६८ मध्ये नव्या सरकारनं शिंतो देवस्थानं आणि बौद्ध मंदिरं वेगळी करायचा हुकूम काढला; पुष्कळ ठिकाणी जमावानं मूर्ती फोडल्या, ग्रंथ जाळले, मंदिरांचं उत्पन्न बुडालं. १८७१ मध्ये संस्थानं खालसा झाली, त्याबरोबर नो मंडळ्यांचा आश्रयही गेला. १८७६ मध्ये सामुरायांना कमरेला तलवार लावायची बंदी झाली आणि त्याच वर्षी त्यांचे तनखे मोडून हातात सरकारी रोखे ठेवले गेले. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या पैशाला हात लावणं कमीपणाचं मानलं, त्या घरातले लोक संध्याकाळच्या अंधारात गाठोडं घेऊन या दुकानाच्या मागच्या दारी येतात. दुकानदार त्यांची नावं सांगत नाही. त्याचा धंदा त्यावरच चालतो.

तो मोर्सपुढे एक लाकडी पेटी ठेवतो. तुम्हीही पुढे सरका. पण अंगठी काढा, ओरखडा पडेल. आधी फितीची गाठ सुटते, मग झाकण, मग रेशमी पिशवी, मग वाडगा. तो दोन्ही हातांनी धरायचा, आणि चटईपासून फार वर उचलायचा नाही. काठ पाहून झाला की उलटा करून बूड बघा. काठावर कारागीर तुम्हाला खूश करतो, बुडाच्या कड्यापाशी तो स्वतःपुरता असतो. तिथे झिलई संपते आणि खरी माती दिसते: भुरी, तांबूस, काळपट, रवाळ. कडं कसं तासलंय, दोरीनं कापल्याची खूण राहिलीय का, शिक्का दाबलाय का. मोर्स हे सगळं झरझर वहीत काढतो. तो दोन्ही हातांनी एकाच वेळी चित्र काढू शकतो, आणि पोरं ते बघायला दारात जमलीत.

या नजरेमागे एक गुरू आहे. निनागावा नोरिताने, जपानी मृत्पात्रांवर सचित्र ग्रंथ लिहिणारे जाणकार. ते एकेक भांडं मोर्सच्या हातात देत आणि प्रांत, भट्टी, काळ ओळखायला सांगत. याच १८८२ मध्ये निनागावा वारले. मोर्सनं त्यांची शिकवण आपल्या शास्त्राच्या शिस्तीत बसवली. भारी चहाचे वाडगेच तेवढे त्यानं घेतले नाहीत; तेलाच्या बुधल्या, सोयाच्या कुप्या, खेड्यातल्या भट्टीची ओबडधोबड ताटंही घेतली, प्रांतवार लावली, प्रत्येकीवर चिठ्ठी डकवली. सुमारे ५,००० नगांचा तो संग्रह १८९२ मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयानं ७६,००० डॉलरना घेतला.

फेनोलोसाकडे जरा वेळ बघा. दोन वर्षांनी तो सरकारी कामावर होर्यूजी मंदिरात जाईल आणि ओकाकुरा काकुझो या शिष्यासोबत, शतकानुशतकं कापडात गुंडाळून ठेवलेली बोधिसत्त्व कान्नोनची मूर्ती पुजाऱ्यांच्या मनाविरुद्ध उघडायला लावेल. हे वारसाधन देशाबाहेर जाता कामा नये असं आग्रहानं सांगणाऱ्यांत हे दोघे पुढे होते. १८९७ मध्ये जुनी मंदिरं आणि त्यांतल्या वस्तू जपण्याचा कायदा झाला, त्यामागे हीच खटपट होती. आणि फेनोलोसाचा स्वतःचा चित्रसंग्रह? तो त्यानं १८८६ मध्ये बॉस्टनच्याच एका धनिकाला विकून टाकला होता. दोन्ही कामं एकाच माणसानं केली, आणि बहुधा दोन्ही मनापासून.

कोबे, नोव्हेंबर १८९३

इथे थोडाच वेळ थांबायचं आहे. धक्क्यावर निप्पॉन युसेन कंपनीची ‘हिरोशिमा मारू’ वाफ सोडत उभी आहे, आणि ती निघालीय मुंबईला. ओसाकाच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा आहे. परदेशी बोटकंपन्यांची मक्तेदारी मोडायची म्हणून हा नवा मार्ग सुरू झाला. याच वर्षी जमशेटजी टाटा जपानला येऊन गेले आणि या व्यवहारात टाटांचा हात आहे.

बंदरामागच्या दुकानांत चक्कर मारा. हस्तिदंती रंगाच्या, बारीक तडकलेल्या झिलईवर सोन्याची खचाखच नक्षी असलेल्या फुलदाण्या दिसतील. दुकानदार म्हणेल, ‘सात्सुमा, फार जुनं.’ मान डोलवा, पण विश्वास ठेवू नका. यातलं बरंचसं काम सात्सुमा प्रांतात झालेलंच नाही. क्योतोच्या आवाता भागात, ओसाकात, योकोहामात ते परदेशी गिऱ्हाइकासाठी बनतं. जपानी घरातल्या कोनाड्यात एखादं चित्र, एखादं भांडं, बस्स. एवढी सोन्याची दाटी तिथे चालायची नाही. शेजारी चिमट्यानं तांब्यावर केसाएवढ्या तारा बसवून, त्यांच्यामध्ये रंगीत मिना भरलेली पात्रं आहेत. त्या कामात क्योतोचे नामिकावा यासुयुकी नावाजलेले आहेत. तलवारींचा साज घडवणाऱ्या सोनार-लोहारांचे हातही आता धूपदाण्या आणि डब्यांकडे वळलेत. इथे नड, लाज काही नाही. इथे नवी मिळकत आहे, आणि व्हिएन्ना, शिकागोच्या प्रदर्शनांतली पदकं आहेत.

आज हीच ‘निर्यातीची’ पात्रं पुराणवस्तू म्हणून विकली जातात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं पूर्व आशियाई कलेचं दालन सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून उभं राहिलं. पुढच्या वेळी तिथल्या जपानी कपाटासमोर उभे राहाल तेव्हा हा धक्का आठवा: कापसाच्या गाठी एका बाजूला, फुलदाण्यांचे खोके दुसऱ्या.

योकोहामा, नोव्हेंबर १९२७

बंदरावर शाळकरी मुलींची रांग. आगबोटीनं ५८ प्रवासी अमेरिकेला निघालेत आणि सगळ्या बाहुल्या आहेत. प्रत्येकीची उंची सुमारे ८० सेंटिमीटर, डोळे काचेचे, केस खरे, चेहऱ्यावर तीच गोफुनची कांती, अंगात रंगवलेल्या रेशमाचा किमोनो. प्रत्येकीचा स्वतःचा पेटारा: लाखेची कपाटं, चहाचा संच, कंदील, शिवाय पासपोर्ट. नावं प्रांतांची आणि शहरांची. खर्चासाठी मुलींनी एकेक सेन गोळा केला.

१९२४ मध्ये अमेरिकेनं कायदा करून जपानी स्थलांतरितांना दार बंद केलं. ती कटुता कमी व्हावी म्हणून सिडनी ग्युलिक या जुन्या मिशनऱ्यानं अमेरिकी मुलांकडून १२,००० हून अधिक निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या जपानी शाळांना धाडल्या. उद्योगपती शिबुसावा एईइची यांनी इकडची बाजू सांभाळली, आणि ही आहे परतभेट.

पुढचं तुम्हाला इथे उभ्या असलेल्या मुलींना सांगता येणार नाही. १९४३ च्या सुमाराला निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या ठरल्या. शाळांच्या अंगणात त्या जाळल्या, फोडल्या. कुणी शिक्षकांनी माळ्यावर, कपाटामागे लपवल्या तेवढ्या वाचल्या, सुमारे ३००. तिकडे गेलेल्या ५८ पैकी बहुतेक टिकल्या, पण त्यांच्यावर वेगळं संकट आलं. गावोगावच्या दौऱ्यांत त्यांचे स्टँड आणि पेटारे आपसात बदलले. एका प्रांताची बाहुली दुसऱ्या प्रांताच्या नावानं वर्षानुवर्षं काचेत उभी राहिली. आता अभ्यासक जुने फोटो, किमोनोची नक्षी आणि अंगावरच्या कारागिरांच्या खुणा ताडून कोण कुठली ते ठरवतात. वस्तू जशीच्या तशी असूनही हरवू शकते, ती अशी.

क्योतो, १९३०चं दशक

गिओनच्या उत्तरेला शिनमोन्झेन गल्ली. पुराणवस्तूंच्या दुकानांची. इथे नोमुरा शोजिरो यांच्याकडे जुनी वस्त्रं आहेत. त्यांचा कोसोदेंचा, म्हणजे आजच्या किमोनोची पूर्वज असलेल्या वस्त्रांचा संग्रह जपानातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक. आतल्या खोलीत दोन पानी पडदे उभे केलेत. सोनेरी पार्श्वभूमीवर, दांडीवर वस्त्र वाळत घातल्यासारखं दिसावं अशा रीतीनं, जुन्या कोसोदेंचे तुकडे चिकटवलेत. हजारो बारीक गाठी बांधून रंगवलेलं रेशीम, सोन्याचा वर्ख दाबलेला सॅटिन, तांदळाच्या खळीनं रेघा आखून रंग भरलेली फुलं. असे शंभर पडदे आज चिबाच्या साकुरा शहरात जपानच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहेत.

अख्खी वस्त्रं का नाहीत, असं तुमच्या ओठांवर आलंय. कारण ती नोमुरांच्या हाती यायच्या आधीच फाटली होती, उसवली होती. घरातली बाई गेली की तिचं कोसोदे मंदिराला द्यायची रीत. मंदिरात ते उसवून चौकोनी आसनवस्त्र शिवत, मूर्तीपुढच्या चौरंगावर घालायचं, नाहीतर पताका. आणि अस्तरावर शाईनं लिहीत: कुणाच्या नावानं, कोणत्या वर्षी, कुणी दिलं. वस्त्रांच्या इतिहासाला पक्क्या तारखा मिळाल्या त्या पुष्कळदा अशा अस्तरांवरून.

दर्शनी नक्षी सुंदर म्हणून तेवढीच ठेवायची आणि मळकं अस्तर टाकून द्यायचं, हा मोह कुठल्याही विक्रेत्याला होतो. ज्यानं अस्तर टाकलं त्यानं ती बाई दुसऱ्यांदा पुसली.

एका पेटीत हातभर रुंदीचेही नसलेले सुती तुकडे आहेत: गडद लाल, निळा, वेलबुट्टी. ओळखीचे वाटतात ना? वाटणारच. ते आपल्याकडचे आहेत, कोरोमंडल किनाऱ्यावर आणि गुजरातेत रंगवलेले. डच बोटींतून नागासाकीला आलेल्या या कापडाला जपानी ‘सारासा’ म्हणतात. ते इतकं मोलाचं होतं की चहाच्या पुडीच्या डबीला पिशवी, तंबाखूला बटवा, एवढ्यासाठीच ते वापरत आणि कात्रणंही वहीत चिकटवून ठेवत. हिकोनेच्या ई घराण्यानं जमवलेले असे सुमारे ४५० तुकडे तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. हिंदुस्थानात जे कापड झिजून चिंधी झालं, त्याचा नमुना तिथे घडीत राहिला. तेव्हा परक्या देशात गेलेली प्रत्येक वस्तू लुटलेलीच, असं सरसकट म्हणायची सोय उरत नाही. काही जतन तिकडेच झालं.

क्योतोचं तोजी, आज

महिन्याची २१ तारीख. कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या मासिक पुण्यतिथीचा दिवस, म्हणून तोजी मंदिराच्या आवारात पहाटेपासून बाजार. लोककलेचे अभ्यासक यानागी सोएत्सु इथल्याच बाजारात १९२०च्या दशकात फिरत, आणि कुणी ढुंकून न बघणाऱ्या घरगुती भांड्यांत, गोधडीसारख्या ठिगळांच्या कपड्यांत सौंदर्य दाखवत. १९३६ मध्ये त्यांनी तोक्योत लोककला संग्रहालय उभारलं.

आता पाकीट उघडा. किमोनोचे ढीग आहेत, काही हजार येनांच्या आत. हिना बाहुल्यांचे अख्खे संचही आहेत, स्वस्तात. फ्लॅट लहान झाले, सात पायऱ्या मांडायला जागा नाही, मुलींना नको आहेत. टाकवत नाही म्हणून कित्येक जण वाकायामाजवळच्या आवाशिमा देवळात बाहुल्या नेऊन सोडतात. १८८२ च्या आधी राजवट बदलली होती, आज घरं बदललीत. गाठोडी मात्र तशीच बाहेर येताहेत. वस्तू स्वस्त असते त्या वेळी कुणाचं तरी जगणं बदलत असतं, एवढं तुम्ही या फेऱ्यात शिकलात. त्यात घेणाऱ्याचा दोष नाही. पण घेतलेल्या वस्तूबरोबर त्या बदलाची नोंद ठेवणं हे त्याचं काम आहे. मोर्सची चिठ्ठी, मंदिराचं अस्तर, बाहुलीचा पेटारा. यांच्याशिवाय उरतं ते नुसतं सजावटीचं सामान.

तुम्हाला एक वाडगा आवडलाय. बूड पाहिलंत, माती तांबूस, शिक्का पुसट. पेटी आहे, पण वाडगा तिच्यात सैल बसतो. कदाचित पेटी दुसऱ्याच कुठल्या वाडग्याची असेल. किंमत विचारण्याआधी विचारा: हे कुणाच्या घरातलं?

विक्रेता जराही न अडखळता सांगतो की एका मोठ्या सरदार घराण्यातलं, कानाझावाकडचं.

पैसे द्या. वही काढा. तारीख, जागा, किंमत, बुडाची माती, शिक्क्याचं चित्र आणि पेटी सैल असल्याचं लिहा. मग कानाझावाच्या सरदाराचंही लिहा, पुढे न विसरता दोन शब्द जोडून: ‘विक्रेता म्हणतो.’